१७७६ आणि १७८७ पाठ झालं, पण पुढे हे सगळं टिकलं कसं?

पायवाट

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझी अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत आहे. रोज रात्री जेवणं आवरली की बायको प्रश्नांची यादी घेऊन बसते आणि मी उत्तरं देतो. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६, राज्यघटना १७८७, फ्रान्सकडून लुइझियाना १८०३. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन. सगळं तोंडपाठ आहे.

परवा यादी संपली तरी ती उठली नाही. म्हणाली, "स्वातंत्र्य जाहीर केलं १७७६ ला आणि घटना लिहिली अकरा वर्षांनी. मग मधली अकरा वर्षं देश कशावर चालला?" मला सांगता येईना. तिचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: "वॉशिंग्टन गेला, ॲडम्स आला. ॲडम्स गेला, जेफरसन आला. नुकतंच युद्ध करून बाहेर पडलेली माणसं इतक्या शहाण्यासारखी एकामागून एक बाजूला कशी झाली? कुणीच अडून बसलं नाही?"

दोन दिवस शोधत बसलो, पण जिकडे तिकडे तारखांच्याच याद्या सापडतात. मुलाखतीत यातलं कुणी विचारणार नाही, हे माहीत आहे. पण ज्या देशाचा नागरिक म्हणून शपथ घ्यायची, त्याच्याबद्दल घरात कुणी विचारलं आणि आपल्याला सांगता आलं नाही, हे मनाला लागलं.

तर जाणकारांनो, सुरुवातीच्या त्या वीसेक वर्षांत हे सगळं मोडून पडलं असतं असा एकच प्रसंग सांगायचा झाला तर कोणता सांगाल? आणि तो का? मोठी यादी नको.

---

गारगोटी

वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

मधल्या काळात देश 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' नावाच्या करारावर चालला. शेवटच्या, म्हणजे मेरीलँडच्या मान्यतेनंतर तो मार्च १७८१ मध्ये लागू झाला. काँग्रेस, म्हणजे संसद, होती, पण तिला कर बसवायचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैशाची मागणी पाठवायची आणि वाट बघायची. करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागायचा. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून युद्धाचं कर्ज फेडायचा प्रस्ताव आला, तेव्हा १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडनं नाही म्हटलं आणि तो बारगळला.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डजवळ राहतो. इथल्या टेकडीवर जुनं शस्त्रागार आहे, आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. कामावर जाता-येता रोज दिसतं. राज्याच्या पश्चिम भागातले शेतकरी इंग्रजांशी लढून घरी आले, तेव्हा त्यांच्या पगाराचा मोठा भाग कागदी प्रमाणपत्रांत मिळालेला होता. घर चालवायला त्यांनी ती प्रमाणपत्रं मिळेल त्या भावाला विकून टाकली. ती गोळा केली पैसेवाल्यांनी. मग त्याच कागदांचं व्याज द्यायला राज्यानं कर बसवले आणि ते सोन्या-चांदीच्या नाण्यांत मागितले. खेड्यात नाणं बघायला मिळत नव्हतं. कोर्टातून जप्त्या सुटल्या, कर्जापायी माणसं तुरुंगात जाऊ लागली. ज्यानं देशासाठी बंदूक धरली, त्याच्याच गोठ्यातली गाय सोडून नेली जात होती. हे वाचताना आजही मला राग येतो.

ऑगस्ट १७८६ मध्ये या लोकांनी नॉर्थॅम्प्टनचं कोर्ट भरूच दिलं नाही. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक म्हणजे पेलमचा डॅनियल शेज, युद्धातला कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला बर्फातून चालत हे लोक शस्त्रागारावर आले. वरून तोफ डागली गेली आणि चार माणसं मेली. दोन्ही बाजूंना काही वर्षांपूर्वी एकाच सैन्यात असलेले लोक होते.

आता मुद्दा. हे बंड मोडायला जनरल लिंकनचं जे सैन्य उभं राहिलं, त्याचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून केला. सरकारकडे पैसाच नव्हता. अशा देशाला देश तरी कसं म्हणायचं, हा प्रश्न वॉशिंग्टनपासून सगळ्यांना पडला. बरोबर चार महिन्यांनी, २५ मे ला, फिलाडेल्फियात घटनेची बैठक सुरू झाली. बैठक बोलवायचं आधीच ठरत आलं होतं, हे खरं. पण शेज नसता तर किती राज्यांनी माणसं पाठवली असती आणि वॉशिंग्टन गेला असता का, याबद्दल मला शंका आहे.

माझं मत स्प्रिंगफील्डच्या टेकडीला.

---

दीपमाळ

गारगोटी, तुमच्या गायीच्या वाक्याशी मी थांबले होते थोडा वेळ. शेजचं महत्त्व मलाही मान्य आहे. पण पायवाट यांनी वहिनींचा दुसरा प्रश्न लिहिलाय ना, 'कुणीच अडून बसलं नाही?', त्याचं उत्तर माझ्या राज्यात आहे. अडून बसले होते. सहा दिवस आणि छत्तीस फेऱ्या अडून बसले होते.

मी डेलावेअरमध्ये राहते. नागरिक झाल्यापासून निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. आमच्याकडे रात्री आठला मतदान संपतं. मग दारं बंद करून हिशेब: यादीत किती जणांनी सही केली आणि यंत्रात किती मतं पडली, हे दोन आकडे जुळायला हवेत. एका वर्षी एकाचा फरक आला. सकाळी सहापासून उभे असलेले आम्ही सगळे पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. अखेर उलगडलं: एका बाई सही करून आत गेल्या होत्या आणि फोन आल्यामुळे मत न देताच निघून गेल्या होत्या. तशी नोंद एका सहकाऱ्यानं पानाच्या कडेला केली होती, ती आमच्या नजरेतून सुटली होती. आकडा जुळला, सगळ्यांनी सह्या केल्या, घरी गेलो. आमच्या टेबलावर दोन्ही पक्षांचे लोक होते. त्या रात्रीपासून १८०१ ची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली, म्हणून हे आधी सांगितलं.

घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष धरलेच नव्हते. त्यांनी ठरवलं की प्रत्येक इलेक्टरनं, म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्यानं नेमलेल्या माणसानं, दोन नावं लिहायची, अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण असं काही लिहायचं नाही. ज्याला सर्वांत जास्त मतं आणि तीही बहुमतानं तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. वॉशिंग्टन होता तोवर हे निभावलं. १७९६ मध्ये पहिला तडा गेला: ॲडम्स अध्यक्ष आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला जेफरसन उपाध्यक्ष. एका घरात दोन पक्ष.

त्यानंतरची चार वर्षं फार कडू गेली. फ्रान्सशी युद्ध पेटेल अशी भीती होती. १७९८ मध्ये ॲडम्सच्या फेडरलिस्ट पक्षानं राजद्रोहाचा कायदा आणला, म्हणजे सरकारविरुद्ध लिहिलं की तुरुंग. व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. हा माणूस आयर्लंडमधून करारबद्ध मजूर म्हणून आलेला. तो कोठडीत असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८०० ची निवडणूक. फेडरलिस्टांनी निदान एवढी काळजी घेतली की ऱ्होड आयलंडच्या एका इलेक्टरनं दुसरं मत जॉन जे या तिसऱ्याच माणसाला दिलं, म्हणजे ॲडम्स ६५ आणि त्याचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार पिंकनी ६४. जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षात (आजचा तो नव्हे) कुणीतरी एक मत कमी टाकेल असं प्रत्येकाला वाटलं आणि कुणीच टाकलं नाही. जेफरसन ७३, ॲरन बर ७३. अख्ख्या देशाला माहीत होतं की लोकांनी जेफरसनला अध्यक्ष म्हणून आणि बरला उपाध्यक्ष म्हणून मत दिलंय. पण कागदावर दोघं सारखे. बरनंही स्वच्छ शब्दांत माघार घेतली नाही.

बरोबरी झाली की निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, आणि तिथे माणसागणिक मत नाही, राज्यागणिक एक. सोळा राज्यं, नऊ हवीत. त्यात हे गृह जुनं, मुदत संपत आलेलं आणि फेडरलिस्ट बहुमताचं. म्हणजे जे हरले, त्यांच्याच हातात जिंकणाऱ्याची निवड.

११ फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टन शहर तेव्हा चिखल, झाडं आणि थोड्या खाणावळी एवढंच. कॅपिटॉलचा, म्हणजे संसदेच्या इमारतीचा, फक्त उत्तरेकडचा भाग उभा राहिलेला. बाहेर बर्फ पडतंय. पहिली फेरी: जेफरसन ८, बर ६, आणि व्हरमाँट व मेरीलँड दुभंगलेली, म्हणजे त्यांचं मत कुणालाच नाही. एक राज्य कमी. दुसरी फेरी तशीच. तिसरी तशीच. रात्रभर बैठक चालली, सदस्य कोचावर, जमिनीवर आडवे व्हायचे आणि नाव पुकारलं की उठून चिठ्ठी टाकायचे.

मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापानं फणफणला होता. तो गैरहजर राहिला असता तर मेरीलँड बरच्या बाजूला गेलं असतं. त्याला बर्फातून उचलून आणलं, शेजारच्या खोलीत खाटेवर झोपवलं. बायको उशाशी बसली. प्रत्येक फेरीला पेटी त्याच्याकडे नेली जायची आणि तो झोपल्या झोपल्या जेफरसनचं नाव लिहायचा. याची आठवण मी आमच्या केंद्रावर नव्यानं येणाऱ्या मुलांना सांगते. आजारी, चालता न येणारा मतदार गाडीतूनच मत द्यायला आला की आमच्यातले दोघे जण बाहेर जातात, तेव्हा मला निकल्सनची खाट आठवते.

बाहेर वातावरण भलतंच तापलं होतं. ४ मार्चला ॲडम्सची मुदत संपत होती. तोवर कुणीच निवडून आलं नाही तर सिनेटमधला कुणी फेडरलिस्ट हंगामी अध्यक्ष करायचा, असं काही जण बोलत होते. तसं झालं तर व्हर्जिनिया आणि पेनसिल्वेनिया मिलिशिया, म्हणजे आपापली नागरिकांची फौज, घेऊन उतरतील, असं रिपब्लिकन सांगत होते. देश स्वतंत्र होऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती, आणि तलवारी म्यानातून निघायची वेळ आली होती.

फेडरलिस्टांचा मोठा पुढारी हॅमिल्टन गृहात नव्हता, पण आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांवर पत्रं पाठवत होता. दहा वर्षं त्याचं जेफरसनशी बँकेवरून, कर्जावरून, फ्रान्सवरून भांडण चाललेलं. तरी त्याचं म्हणणं, जेफरसनला निदान काही तत्त्वं आहेत, बरला एकही नाही. त्यातलं एक पत्र आमच्या जेम्स बेयर्डला आलं होतं.

बेयर्ड हा डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी. म्हणजे तो एकटाच एक राज्य. पक्का फेडरलिस्ट. पस्तीस फेऱ्या त्यानं बरचं नाव लिहिलं. मग पक्षाच्या बंद बैठकीत त्यानं सांगितलं की आता मी हे थांबवणार, तेव्हा त्याच्यावर एकच गिल्ला झाला. पुढे ॲडम्सला लिहिलेल्या पत्रात त्यानं कारण दिलंय: मी सर्वांत लहान राज्याचा प्रतिनिधी, आमच्याकडे स्वतःचं रक्षण करायचं साधन नाही, ज्या घटनेवर या राज्याचं अस्तित्व टिकून आहे, ती मी पणाला लावू शकत नव्हतो. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोव्हरचं ते मैदान आठवलं. १७८७ च्या ७ डिसेंबरला तिथेच डेलावेअरनं ३० विरुद्ध ० अशी घटना सगळ्यांत आधी स्वीकारली होती. आमच्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवर अजून 'पहिलं राज्य' असं लिहिलेलं असतं. ज्यांनी पहिली सही केली, त्यांच्यातल्याच एकाला ती सही सांभाळायची वेळ आली होती.

१७ फेब्रुवारीला, छत्तिसाव्या फेरीत काय झालं ते नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा यातच आहे. एकाही फेडरलिस्टनं जेफरसनला मत दिलं नाही. व्हरमाँटचा फेडरलिस्ट लुइस मॉरिस त्या फेरीला आतच आला नाही, त्यामुळे व्हरमाँटचं मत उरलेल्या एकट्या सदस्याचं झालं. तो सदस्य मॅथ्यू लायन, तोच कोठडीतून निवडून आलेला. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, म्हणून ते राज्य जेफरसनकडे गेलं. दक्षिण कॅरोलायनाची चिठ्ठी कोरी. डेलावेअरची, म्हणजे बेयर्डची, चिठ्ठी कोरी. जेफरसन १०, बर ४, दोन राज्यं कोरी.

इतिहासाची पुस्तकं लिहितात की १८०१ मध्ये सत्ता शांततेनं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. ती कशी गेली, तर काही माणसांनी कागद हातात घेतला आणि त्यावर काहीच लिहिलं नाही. नावडत्या माणसाला 'हो' म्हणणं त्यांच्याकडून होईना, ते मी समजू शकते. फक्त त्यांनी 'नाही' म्हणणं थांबवलं. आमच्या केंद्रावर कोरी मतपत्रिका निघाली की नवीन मुलं म्हणतात, 'मत वाया गेलं.' तेव्हा मी त्यांना बेयर्डबद्दल सांगते.

४ मार्चला पहाटे चार वाजता ॲडम्स गाडीत बसून निघून गेला, शपथविधीला थांबला नाही. जेफरसन खाणावळीतून चालत कॅपिटॉलला आला. पण आला, आणि कुणी गोळी झाडली नाही.

---

ओंजळ

दीपमाळताई, निकल्सनच्या खाटेचं वाचून गलबलून आलं. तरीही मला एक गोष्ट मांडल्याशिवाय राहवत नाही, राग मानू नका.

तुम्ही आकडा जुळवायला रात्री पुन्हा पहिल्या पानापासून बसलात. मग ७३ हा आकडाही पहिल्या पानापासून मोजायला हवा. घटनेत गुलाम माणूस तीन पंचमांश मोजायची तरतूद होती. मत त्याला नव्हतं, पण त्याच्या जिवावर मालकाच्या राज्याला जागा जास्त मिळत होत्या. १७९० च्या जनगणनेत पेनसिल्वेनियात सुमारे ४ लाख ३० हजार स्वतंत्र माणसं होती आणि व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ५५ हजार. फरक फारसा नाही. पण १८०० मध्ये पेनसिल्वेनियाचे इलेक्टर १५ आणि व्हर्जिनियाचे २१, कारण व्हर्जिनियात आणखी जवळजवळ तीन लाख गुलाम होते. त्या जोरावरची मतं सगळ्या राज्यांतून वजा केली तर ॲडम्स थोडक्यात जेफरसनच्या पुढे जातो.

आणि त्याच १८०० साली ३० ऑगस्टच्या रात्री रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहारानं उठाव करायचं ठरवलं होतं. वादळी पावसात वाटेतले पूल वाहून गेले, आतल्याच कुणी बातमी फोडली. १० ऑक्टोबरला त्याला फाशी दिलं. त्याच्यासह २६ जण फासावर गेले. तेव्हा व्हर्जिनियाचा गव्हर्नर जेम्स मन्रो होता. व्हर्जिनियाच्या ज्या मिलिशियाच्या धाकाबद्दल तुम्ही लिहिलंत, ती याच मन्रोच्या हातात होती. त्याला जेफरसननं सप्टेंबरमध्ये लिहिलं होतं की फाशी पुरे झाल्या असं लोकांना वाटतंय, सूडानं वागलो तर जग आपल्याला कायमचा दोष देईल. म्हणजे कळत होतं. त्यानंतर अडीच महिन्यांत, ३ डिसेंबरला, इलेक्टरांनी मतं दिली आणि व्हर्जिनियाची सगळी २१ जेफरसनला गेली.

गेब्रिएलनं जे मागितलं, तेच फिलाडेल्फियातल्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं. त्याला कुणी कोरी चिठ्ठीही दिली नाही. म्हणून मला विचाराल तर वळण १७८७ च्या उन्हाळ्यात, तीन पंचमांश हा आकडा लिहिला गेला तिथे आहे. पुढचं सगळं त्या अपूर्णांकावर उभं आहे.

---

दीपमाळ

ओंजळ, राग कशाला मानू? तुम्ही बरोबर आहात, आणि मी पहिल्या उत्तरात हे लिहायला हवं होतं. घाईत सुटलं नाही, मला कोऱ्या चिठ्ठ्यांचं इतकं कौतुक आहे की त्यापलीकडे मी पाहिलंच नाही.

माझ्या राज्याचंच सांगते. डेलावेअरनं गुलामी स्वतःहून कधीच रद्द केली नाही. फेब्रुवारी १८६५ मध्ये गुलामी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती विधिमंडळात आली तेव्हा ती नाकारली. डिसेंबरात ती देशभर लागू झाली, म्हणून आमच्याकडचे गुलाम सुटले. डेलावेअरनं तिला मान्यता दिली १२ फेब्रुवारी १९०१ ला. बेयर्डच्या त्या आठवड्याला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर! ही तारीख पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कागदावर पुन्हा पुन्हा वजाबाकी करून पाहिली.

तरी मी माझं मत बदलत नाही, आणि का ते सांगते. तीन पंचमांशाचा तो आकडा पुढे ज्या मार्गानं खोडला गेला, त्या मार्गाला निवडणुका आणि दुरुस्त्या लागल्याच, युद्धाबरोबर लागल्या. १८०१ मध्ये हरलेल्यांनी मोजणी मोडली असती तर तो मार्गच राहिला नसता. पण हे म्हणताना गेब्रिएलचं नाव शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे, हे तुम्ही मला शिकवलंत. पुढच्या वेळी मुलांना सांगेन तेव्हा दोन्ही सांगेन.

---

गारगोटी

मध्ये एक छोटी भर. फेडरलिस्टांनी अध्यक्षपद सोडलं, पण जाता जाता न्यायालयं भरून ठेवली. ॲडम्सनं शेवटच्या दिवसांत नेमणुका केल्या. नेमणुकीचे कागद पोचवायचं काम परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलकडे होतं आणि काही कागद टेबलावरच राहिले. जेफरसनच्या सरकारनं ते द्यायला नकार दिला. विल्यम मार्बरी कोर्टात गेला. तोवर मार्शल स्वतःच सरन्यायाधीश झाला होता! २४ फेब्रुवारी १८०३ ला त्यानं निकाल दिला: मार्बरीला कागद मिळण्याचा हक्क आहे, पण ज्या कायद्याखाली तो थेट आमच्याकडे आलाय, त्या कायद्याचं ते कलमच घटनेविरुद्ध आहे. मार्बरीला काही मिळालं नाही. काँग्रेसचा कायदा रद्द ठरवायचा अधिकार मात्र कोर्टाकडे कायमचा आला. आणि दोन नावांच्या घोळावर १८०४ मध्ये बारावी दुरुस्ती झाली, तेव्हापासून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मतं वेगळी. पायवाट, कोर्टाचा प्रश्न तुमच्या यादीत असणारच.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री यादी बाजूला ठेवली आणि हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजच्या जागी बायको म्हणाली, "पगार कागदात आणि कर नाण्यात, मग माणूस काय करेल?" गेब्रिएलपाशी आम्ही दोघंही गप्प झालो.

तिनं आणखी एक विचारलंय. त्या लायनला ज्या कायद्यानं तुरुंगात टाकलं, त्याचं पुढे काय झालं?

---

दीपमाळ

राजद्रोहाच्या कायद्याला मुदतच होती ३ मार्च १८०१ ची. जेफरसनच्या शपथेच्या आदल्या दिवशी तो संपला आणि कुणी पुढे चालवला नाही. लायनचा दंड काँग्रेसनं १८४० मध्ये त्याच्या वारसांना परत केला, तोवर तो जिवंत नव्हता.

पण वहिनींना त्याच वर्षीचा दुसरा कायदा सांगा, तो तुमच्या घराशी जोडलेला आहे. १७९८ मध्येच फेडरलिस्टांनी नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेला. लायनसारखे परदेशातून आलेले लोक जेफरसनकडे झुकतात, ही त्यांची धास्ती होती. जेफरसन आल्यावर १८०२ मध्ये तो पुन्हा पाच वर्षांवर आला. तुम्ही ग्रीन कार्डावर पाच वर्षं मोजून अर्ज केला असेल ना? ती पाच वर्षं तिथून आलेली आहेत. मात्र ओंजळच्या वतीनं हेही सांगते: १८०२ च्या त्या कायद्यात 'गोरा स्वतंत्र माणूस' असंच लिहिलेलं होतं. तुम्ही-आम्ही त्यात बसत नव्हतो. आपल्याकडच्या लोकांना तो दरवाजा उघडला १९४६ मध्ये.

मुलाखतीसाठी शुभेच्छा. शपथविधीच्या ठिकाणी काही वेळा मतदार नोंदणीचा अर्ज मिळतो. घरी नेऊन भरू म्हणून पिशवीत टाकू नका, तिथेच बसून भरा आणि देऊन या. आणि जमलं तर पुढच्या निवडणुकीत तुमच्या केंद्रावर कामाला नाव द्या. रात्री आकडे जुळवायला माणसं नेहमीच कमी पडतात.